पायाखालचे मिलिमीटर

नेकारसुल्म हे गाव मराठी माणसाला ठाऊक असलेच तर ऑडीच्या कारखान्यामुळे. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ज्या कंपनीच्या गाड्यांची जुळणी होते, तिचा हा मायदेशातला, जर्मनीतला एक मोठा कारखाना. त्यामुळे पुणे-संभाजीनगरच्या अभियंत्यांना हे नाव कानावरून गेलेले असते. या लेखात मात्र हे गाव आले आहे ते त्याच्या खालच्या मिठामुळे. नेकार नदीच्या या खोऱ्यात सुमारे २०० मीटर खोलीवर मिठाचा जाड थर आहे. दक्षिणेला हाइलब्रॉन, उत्तरेला बाड फ्रीडरिशहाल, आणि दोन्हीकडे मिठाच्या खाणी. नेकारसुल्म या दोहोंच्या मधोमध. हाइलब्रॉनच्या खाणीतून १८८५ पासून मीठ निघते आहे. बाड फ्रीडरिशहालच्या कोखेनडॉर्फ खाणीतला उपसा १९९४ मध्ये थांबला. त्याही आधीची एक खाण १८९५ मध्ये पाणी घुसून बुडाली आणि वरची जमीन खचली. तिथे झालेले तळे आजही आहे.

जमिनीखाली पोकळी आहे आणि ती माणसाने केलेली आहे, हे इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. नवीन गोष्ट एवढीच, की आता कुणीही संगणकावर नकाशा उघडून आपल्या परिसरातली जमीन वर्षाला किती मिलिमीटर वर-खाली होते ते पाहू शकतो. हानोव्हरच्या संघीय भूविज्ञान संस्थेने २०१९ मध्ये सगळ्या जर्मनीसाठी असा नकाशा मोफत खुला केला. त्यात लाखो ठिपके आहेत. ठिपक्यावर टिचकी मारली की त्या जागेचा काही वर्षांचा आलेख समोर येतो. २०२२ पासून जवळजवळ साऱ्या युरोपसाठी तशीच सेवा कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमानेही सुरू केली. ही मोजमापे येतात सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहांकडून.

सातशे किलोमीटरवरून मिलिमीटर मोजायचे, हे ऐकताना थाप वाटते. ती थाप नाही, पण त्यामागची युक्ती नीट समजली नाही तर पुढचे सगळे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि परतून आलेल्या लहरी टिपतो. त्याला सूर्यप्रकाश लागत नाही, ढगांची अडचण होत नाही. परतलेल्या लहरीत दोन गोष्टी असतात. एक तिची तीव्रता, म्हणजे समोरची वस्तू किती जोराने लहर परतवते. दुसरी तिची कला, म्हणजे लहर आपल्या चढउतारातल्या नेमक्या कोणत्या बिंदूवर असताना परत आली. ही कला घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखी असते. काटा कुठे आहे ते अगदी बारकाईने कळते, पण तास कोणता ते कळत नाही. म्हणून एकाच कलेवरून अंतर सांगता येत नाही. तोच उपग्रह बारा दिवसांनी त्याच कक्षेतून पुन्हा गेला आणि दोन वेळच्या कला एकमेकींतून वजा केल्या, तर जमीन मधल्या काळात किती सरकली ते निघते. सेंटिनेल-१ ची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटर. लहर जाऊन येते, म्हणून जमीन पावणेतीन सेंटिमीटर सरकली की काटा एक पूर्ण फेरा मारतो. या फेऱ्याचा लहानसा अंशही मोजता येतो, म्हणून मिलिमीटरची भाषा शक्य होते.

कल्पना जुनी आहे. १९७८ मध्ये अमेरिकेचा सीसॅट जेमतेम साडेतीन महिने चालला, पण त्याच्या नोंदींवरून १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यातली शेतजमीन पाणी दिल्यावर किती फुगते ते दाखवता आले. जगाचे लक्ष वेधले ते जुलै १९९३ मध्ये. आदल्या वर्षी कॅलिफोर्नियातच लँडर्स येथे झालेल्या भूकंपाने जमीन कशी मुरडली, त्याचे रंगीत पट्ट्यांचे चित्र ‘नेचर’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले. फ्रेंच संशोधकांनी ते युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहाच्या नोंदींवरून काढले होते.

१९९३ मध्येच ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ईआरएस-१ तेव्हा लातूरवरूनही जात होता. पण त्या नोंदींतून किल्लारीची जमीन किती उचलली ते काढायला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या एस. पी. सत्यबाला यांचा शोधनिबंध २००६ मध्ये यावा लागला. तेरा वर्षे. यात कुणाला दोष द्यायचा नाही. सुट्या नोंदी परदेशी कोठारात पडून होत्या, त्या विकत घ्याव्या लागत, आणि हे गणित करणारी माणसे देशात हातावर मोजण्याइतकी होती. २०१४ मध्ये पहिला सेंटिनेल-१ गेला आणि युरोपने त्याचा सगळा डेटा जगाला फुकट देऊन टाकला. माझ्या मते या विषयातली खरी क्रांती त्या दिवशी झाली. उपग्रह आधीही होते. कुलूप तेव्हा निघाले.

दोन चित्रांची वजाबाकी भूकंपासाठी पुरते, कारण तिथे जमीन एका झटक्यात हलते. खाणीवरची किंवा उपशामुळे खचणारी जमीन वर्षाला काही मिलिमीटर हलते आणि तेवढी चूक तर हवेतल्या बाष्पानेच होते. या पेचातून मिलानच्या तंत्रविद्यापीठातल्या फेरेत्ती, प्राती आणि रोका या तिघांनी १९९९ च्या सुमारास वाट काढली. सगळे चित्र न घेता फक्त असे ठिपके निवडायचे जे वर्षानुवर्षे तशीच लहर परतवतात. इमारतीचा कोपरा, विजेचा मनोरा, रेल्वेचा पूल, उघडा खडक. अशा ठिपक्यांच्या पन्नास-शंभर नोंदी एकत्र मांडल्या की बाष्पाचा गोंधळ वेगळा पडतो आणि जमिनीची चाल हाती लागते.

नेकारसुल्मचा नकाशा उघडला की हे तत्त्व डोळ्यांनी दिसते. कारखान्याची प्रचंड छपरे, रेल्वेमार्ग, जुन्या गावातली दाटीवाटीची घरे इथे ठिपके खच्चून भरलेले. लगतच्या शॉयरबर्ग टेकडीवर द्राक्षमळे आहेत, तिथे ठिपके विरळ. वेलीला पाने फुटतात, गळतात, छाटणी होते. बारा दिवसांपूर्वीची जमीन आणि आजची जमीन रडारला एक वाटत नाही. म्हणजे हा नकाशा गावाबद्दल भरपूर बोलतो आणि शिवाराबद्दल गप्प राहतो. महाराष्ट्रात ही अडचण शंभर पटीने आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी नेकारसुल्मच्याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातले दुसरे गाव, श्टाउफेन. ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याचे हे टुमदार जुने गाव. २००७ मध्ये तिथल्या नगरपालिकेने आपल्या सोळाव्या शतकातल्या इमारतीला जमिनीतल्या उष्णतेने ऊब द्यायचे ठरवले. सात बोअर घेतले, प्रत्येक सुमारे १४० मीटर. बोअरनी भूजलाला खालच्या अॅनहायड्राइट खडकापर्यंत वाट करून दिली. अॅनहायड्राइट पाणी पितो आणि त्याचा जिप्सम होतो, आणि जिप्सम सुमारे ६० टक्के जास्त जागा मागतो. काही आठवड्यांत भिंतींना तडे दिसू लागले. गावाचा मधला भाग महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वर येत होता. अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले.

जमीन खचते हे सगळ्यांना माहीत असते, इथे ती फुगत होती. उचल किती हे भूमापकांनी लेव्हलिंग करून मोजलेच. पण ती कुठवर पसरली आहे, कडेला किती आहे, उपाय केल्यावर मंदावते आहे का, हे गल्लीगल्लीत रोज उपकरण न लावता कळले ते टेरासार-एक्स या जर्मन उपग्रहाच्या अकरा दिवसांच्या फेऱ्यांतून. हा उपग्रह जून २००७ मध्ये, म्हणजे बोअर पडण्याच्या तोंडावरच, कक्षेत गेला होता. त्याची तरंगलांबी तीन सेंटिमीटर, त्यामुळे नजर अधिक बारीक. बोअर पुन्हा सिमेंटने भरले गेले, २००९ पासून पाणी उपसून भूजल खाली आणले गेले, आणि फुगण्याचा वेग कमी होत गेला. राज्याने पुढे असे बोअर घेण्याचे नियम कडक केले. अॅनहायड्राइट लागला की थांबायचे.

नेकारसुल्मच्या आमोरबाख वस्तीतही उष्णतेसाठी बोअर आहेत, पाचशेहून अधिक. उन्हाळ्यातली सौर उष्णता जमिनीत साठवून हिवाळ्यात वापरायचा तो प्रकल्प नव्वदच्या दशकातला. पण तिथली खोली अवघी ३० मीटर. खाली काय आहे हे माहीत असणे आणि तिथवर न जाणे, यात सगळा फरक येतो. आणि हे रडार सांगत नाही. श्टाउफेनमध्येही रडारने सांगितले ते ‘किती’ आणि ‘कुठे’. ‘का’ हे सांगितले बोअरमधून वर काढलेल्या दगडाने.

आता आपल्याकडे. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस गावात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गेले. घरातली माणसे हादरा जाणवताच बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुनी, भूमिगत कोळसा खाण. आजूबाजूची कुटुंबे हलवावी लागली. फ्रीडरिशहालची खाण बुडाली ते १८९५ साल. आपण ती गोष्ट सव्वाशे वर्षांनी पाहिली. पण नेकारच्या खोऱ्यात त्या घटनेनंतर जे उभे राहिले ते घुग्घुसला नव्हते. जर्मनीच्या खाण कायद्यात एक कलम आहे. भूमिगत खाणीच्या प्रभावक्षेत्रात इमारतीला खाणीमुळे होऊ शकेल असे नुकसान झाले, तर ते खाणीमुळेच झाले असे आधी गृहीत धरले जाते. तसे नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी खाणचालकावर. त्यामुळे प्रभावक्षेत्र कुठवर, हा प्रश्न पैशाचा होतो, आणि रडारच्या ठिपक्याला न्यायालयात वजन येते. आपल्याकडे भिंतीला तडा गेलेल्या माणसाने आधी तडा का गेला हे दाखवायचे, मग खाण कोणाची हे शोधायचे, मग दारोदार फिरायचे. अशा माणसाच्या हाती नुसता नकाशा ठेवून फारसे काही होणार नाही.

रडारने घुग्घुसचे घर आधी ओळखले असते का? प्रामाणिक उत्तर: खात्रीने नाही. जुन्या खाणीचे छत कोसळून भगदाड पडते तेव्हा कधी आधी काही महिने जमीन मंदपणे बसत असते, तर कधी काहीच खूण नसते. पहिल्या प्रकारात बारा दिवसांनी येणारा उपग्रह उपयोगी, दुसऱ्यात निरुपयोगी. तरी सगळ्या चंद्रपूर-वणी पट्ट्यात कुठे जमीन बसते आहे याचा चाळणी नकाशा हाती असला, तर उपकरणे आणि माणसे कुठे आधी पाठवायची हे ठरते. चाळणी म्हणून हे तंत्र उत्तम आहे. भविष्यवाणी म्हणून ते विकू नये.

दरडींबाबत तर हे ठासून सांगायला हवे. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही ठिकाणी डोंगर काही क्षणांत उतरला, ऐन पावसात. प्रत्येक दुर्घटनेनंतर ‘उपग्रह आहेत, मग आधी का कळले नाही’ असे विचारले जाते. सह्याद्रीचा उतार जुलैत हिरव्यागार गवता-झाडांनी झाकलेला असतो, हवेत बाष्प गच्च असते, आणि पावसाने सुटलेली माती हलते ती तासाभरात. साडेपाच सेंटिमीटरची लहर पानांवरच अडते. आल्प्समध्ये वर्षानुवर्षे हळू सरकणारे खडकाळ उतार रडारने धरले आहेत, ते सह्याद्रीला जसेच्या तसे लागू होत नाही. आपल्याकडे रडारचे काम दरड पडल्यावर जास्त. ढगांआडून कुठे कुठे उतार सोलला गेला हे लवकरात लवकर दाखवणे, जेणेकरून मदत नेमकी जावी.

ढगांआड पाहण्याची हीच ताकद आपल्या सर्वांत जास्त कामी आली ती पुरात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेने सांगली, शिरोळ, कोल्हापूर वेढले तेव्हा साधी उपग्रह छायाचित्रे म्हणजे नुसते पांढरे ढग. रडारमध्ये साचलेले पाणी काळे दिसते, कारण सपाट पाणी लहर पुढच्या दिशेला परतवून टाकते, उपग्रहाकडे काहीच येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने अशाच नोंदींवरून पुराचे नकाशे प्रशासनाला दिले. यात एक खोच आहे आणि ती खास आपल्या पट्ट्यातली आहे. उभ्या उसात पाणी शिरले तर? आखूड लहर उसाच्या पाल्यावरच परतते आणि शेत कोरडे असल्यासारखे दिसते. लांब लहर पाल्यातून खाली जाते, पाण्यावरून उसाच्या बुंध्यावर आपटते आणि उलट नेहमीपेक्षा तेजस्वी होऊन परत येते. म्हणजे पूर एकाच चित्रात कुठे काळा, कुठे लख्ख. ज्याने शिरोळचा ऊस पाहिलेला नाही, त्याचा नकाशा इथे हमखास चुकणार.

लांब लहरीची ही गरज आता भागू शकेल. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार गेला. अमेरिकेच्या नासाचे सुमारे २४ सेंटिमीटर लहरीचे रडार आणि इस्रोचे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर लहरीचे रडार एकाच उपग्रहावर, वर १२ मीटर व्यासाचा जाळीदार परावर्तक, ७४७ किलोमीटरची कक्षा, बारा दिवसांची फेरी. लांब लहर झाडोऱ्याला कमी जुमानते, त्यामुळे कोकण आणि घाटमाथा पहिल्यांदाच सलग वाचता येण्याची आशा आहे. फुकट काही मिळत नाही: लांब लहरीचा काटा एक फेरा मारायला बारा सेंटिमीटर हालचाल लागते, म्हणून एका वजाबाकीतली नजर जाड. नियमित नोंदींचा ढीग साचला की ती उणीव बरीचशी भरून निघते. सगळा डेटा खुला ठेवायचे धोरण दोन्ही संस्थांनी आधीच जाहीर केले आहे.

मुंबईला निसारची वाट पाहावी लागली नाही. शहरात इमारतीच इमारती, म्हणजे ठिपकेच ठिपके. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि बेंगळुरू या पाच महानगरांचा २०१५ ते २०२३ या काळातला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त आला. त्यात खचण्याचा सर्वाधिक वेग दिल्लीत वर्षाला सुमारे ५१ मिलिमीटर, मुंबईत सुमारे २६ मिलिमीटर. बातम्यांनी लगेच ‘मुंबई बुडतेय’ करून टाकले. २६ हा शहरातल्या सर्वांत वाईट ठिपक्याचा आकडा आहे, सरासरीचा नव्हे. शिवाय इमारतीला धोका असतो तो अख्खी इमारत सारखी बसण्याने कमी, आणि तिचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त बसण्याने अधिक. आकडा वाचताना आणखी तीन गोष्टी विचारायच्या. हे मोजमाप कशाच्या तुलनेत, कारण रडार नेहमी एखादा स्थिर मानलेला बिंदू धरूनच बोलते. कोणत्या दिशेत, कारण उपग्रह तिरका पाहतो, आणि ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरत असल्याने उत्तर-दक्षिण सरकणे त्याला जवळजवळ दिसतच नाही. आणि ठिपका नक्की कशावर बसला आहे, जमिनीवर की जमिनीत खोल पाया असलेल्या इमारतीवर.

मराठवाडा-विदर्भात चौथीही गोष्ट विचारावी लागेल: हंगाम कोणता. काळी रेगुर माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मे महिन्याची नोंद जानेवारीच्या नोंदीतून वजा करून ‘गाव खचले’ म्हणणारा अहवाल उद्या कुणीतरी आणेलच. वर्षभराचे चढउतार वेगळे काढल्याशिवाय तो वाचू नये.

उत्तराखंडातल्या खचत्या जोशीमठचे प्रकरण या सगळ्यावर सावली टाकून उभे आहे. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने प्राथमिक अहवाल दिला: २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली, त्याआधीच्या एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये सुमारे ९ सेंटिमीटर. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सरकारी संस्थांना माध्यमांशी बोलू नका असे कळवले आणि अहवाल संकेतस्थळावरून नाहीसा झाला. घबराट नको, हे कारण. पण नोंदी सेंटिनेलच्या होत्या, जगातल्या कुठल्याही विद्यापीठात त्याच बेरजा-वजाबाक्या होऊ शकत होत्या. सरकारने आकडा झाकला तर लोकांना तो परक्याकडून मिळतो, एवढाच फरक पडतो. घबराट कमी करायची असेल तर आकड्याशेजारी त्याचा अर्थ सांगणारा माणूस बसवावा लागतो.

बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये तो माणूस फ्रायबुर्गच्या राज्य भूविज्ञान व खाण कार्यालयात बसतो. नकाशावर लाल ठिपका दिसला की खाली मीठ आहे, जिप्सम आहे, नदीचा गाळ आहे की नुसता नवा भराव, हे त्याच्याकडच्या भूगर्भ नकाशावरून ताडून पाहता येते. महाराष्ट्रात हे काम कोण करील? नागपूरला राज्याचे दूरसंवेदन केंद्र आहे, त्याच्याकडे उपग्रहाची बाजू आहे. जिल्ह्याजिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची कार्यालये आहेत, त्यांच्याकडे भूवैज्ञानिक आहेत. ही यंत्रणा राज्यभरच्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. कुठे उपशाने जमीन बसते आहे आणि कुठे खाणीने, हे वेगळे काढायला रडारच्या ठिपक्याशेजारी नेमकी हीच विहिरीची नोंद लागते, आणि ती कित्येक वर्षांची तयार आहे. सुरुवात घुग्घुस-वणीपासून करावी. तिथे खाणींचे जुने आराखडे कोळसा कंपनीच्या दप्तरात आहेत, निसारच्या फेऱ्या सुरू झाल्या आहेत, आणि ज्या कुटुंबांना घरे सोडावी लागली त्यांना आपल्या शेजारच्या गल्लीखाली काय आहे हे विचारायचा पूर्ण हक्क आहे.